शॉला नको असलेला शेवट

१९१४ सालच्या उन्हाळ्यात लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये ‘पिग्मॅलियन’चा शंभरावा प्रयोग होता. नाटककार बर्नार्ड शॉ पुन्हा एकदा आपलंच नाटक बघायला आला होता. शेवटचा प्रवेश संपत आला. फुलवाली एलायझा मास्तराला झिडकारून निघून गेली. आता पडदा पडणार, एवढ्यात प्रोफेसर हिगिन्स झालेला नट हर्बर्ट बीअरबोम ट्री खिडकीपाशी गेला आणि त्याने एलायझाच्या दिशेने फुलांचा एक गुच्छ भिरकावला. संहितेत असं काही नव्हतं. त्याने एक शब्दही वाढवला नव्हता, म्हणजे नाटककाराने तक्रार तरी कशाची करायची? पण तेवढ्या एका फेकीने अख्ख्या प्रेक्षागृहाला कळलं की यांचं जमणार. शॉ भडकला. ट्री म्हणाला, माझ्या शेवटाने गल्ला भरतोय, उलट आभार माना. शॉचं उत्तर होतं की तुला गोळी घातली पाहिजे.

ट्रीचा दोष एवढाच की तो पहिला होता. त्याच्यामागून सिनेमावाले आले, संगीतिकावाले आले, आपले हिंदीवाले आले, आणि बहुतेकांनी हा शेवट आपापल्या परीने वाकवला. शॉ १९५० साली वारला. भांडण मात्र चालूच राहिलं. शिकवणारा आणि शिकणारी (किंवा शिकवणारी आणि शिकणारा) यांच्या प्रेमावर सिनेमे ढिगाने आहेत. पण हा प्रकार समजून घ्यायचा तर ‘पिग्मॅलियन’इतकं सोयीचं उदाहरण नाही, कारण गोष्ट एकच आणि तिचे दोन्ही शेवट आपल्यासमोर. अशा नात्यात नेमकं अवघड काय असतं हे त्यावरून कळतं, आणि तेच अवघड प्रकरण सिनेमा आपल्याला साखर लावून कसं देतो तेही.

गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. हिगिन्स हा उच्चारशास्त्राचा अभ्यासक. वय चाळिशीचं, लग्न नाही, पैशाला तोटा नाही, वागणं धसमुसळं. माणसाने तोंड उघडलं की तो लंडनच्या कुठल्या गल्लीत वाढला हे सांगणार. एलायझा डूलिटल कॉव्हेंट गार्डनमध्ये फुलं विकते. शॉच्या रंगसूचनेप्रमाणे वय अठरा, फार तर वीस. हिगिन्स आणि त्याचा स्नेही कर्नल पिकरिंग यांच्यात पैज लागते की सहा महिन्यांत या मुलीला बड्या लोकांच्या मेळाव्यात डचेस म्हणून खपवून दाखवायचं. खर्च पिकरिंगचा, शिकवणी हिगिन्सची, राहायचं हिगिन्सच्याच घरी. पैज जिंकली जाते. आणि मग सगळ्यांना, म्हणजे खरं तर फक्त एलायझाला, प्रश्न पडतो की आता पुढे काय?

नाटकाचं नाव ग्रीक कथेतून आलेलं आहे. सायप्रसचा एक शिल्पकार हस्तिदंताची पुतळी घडवतो, तिच्या प्रेमात पडतो, देवीची करुणा भाकतो आणि पुतळी सजीव होते. मग लग्न. रोमन कवी ओव्हिडने ही कथा रंगवून सांगितली आहे. तीत पुतळीला कुणी विचारत नाही की बाई, तुझी काय इच्छा? ती डोळे उघडते तेव्हा तिला आकाश आणि तो माणूस एकदमच दिसतात. पुतळीला तोंड फुटलं, आणि तेही चांगलं सणसणीत, तर ती काय बोलेल, हे शॉने लिहिलं.

या नात्यातली पैशाची बाजू सिनेमात चटकन निसटते, म्हणून इथे जरा थांबू. एलायझा हिगिन्सकडे पहिल्यांदा जाते ती मदत मागायला नाही, शिकवणी लावायला. फुलांच्या दुकानात नोकरी मिळण्याइतपत चांगलं बोलता यावं एवढीच तिची इच्छा. ती फी देऊ करते, एका धड्याचा एक शिलिंग.  हिगिन्स हिशोब मांडतो: हिची दिवसाची कमाई अडीच शिलिंग, म्हणजे ही मला दिवसाच्या मिळकतीचे दोन पंचमांश देते आहे. एखाद्या लक्षाधीशाने त्याच प्रमाणात द्यायचं म्हटलं तर साठेक पौंड होतील. एवढी मोठी फी मला आजवर कुणी देऊ केली नाही! हिगिन्सचा हा सगळ्यात मोहक क्षण, आणि लबाडीचाही. कारण हिशोब झाल्यावर तो शिलिंग घेत नाही. पैज ठरते, खर्च दुसरा उचलतो, आणि गिऱ्हाईक म्हणून आलेली मुलगी बघता बघता पैजेची वस्तू होऊन जाते. फी देणाऱ्याला शिकवणी आवडली नाही तर तो उद्यापासून येत नाही. फुकट शिकणाऱ्याला ती सोय नसते.

पाठोपाठ बाप येतो. कचरा उचलणारा आल्फ्रेड डूलिटल. मुलगी श्रीमंताच्या घरी राहायला गेली हे कळताच तो पाच पौंड मागतो. हिगिन्स खूश होऊन दहा द्यायला निघतो तर हा नको म्हणतो: दहा पौंड हातात आले की माणूस शहाण्यासारखा वागायला लागतो, मजा जाते. प्रेक्षागृह खदखदून हसतं. हसता हसता आपण हे विसरतो की आत्ता समोर मुलीचा सौदा झाला, आणि गिऱ्हाईक किंमत स्वतःहून वाढवून द्यायला निघालं होतं.

आता मूळ मुद्दा. दोन माणसं प्रेमात पडतात तेव्हा कुणाकडे पैसा जास्त असतो, कुणाकडे अक्कल, कुणाकडे रूप. बरोबरी कुठेच तंतोतंत नसते आणि तशी अपेक्षाही कुणी करत नाही. गुरूशिष्यांच्या बाबतीत वेगळं हे असतं की सगळी पारडी एकाच बाजूला झुकलेली असतात. घर त्याचं, पैसा त्याचा किंवा त्याच्या मित्राचा, ज्ञान त्याचं, आणि ती बरी शिकली की वाईट हे ठरवणाराही तोच. त्यातून तो जे शिकवतो त्यानेच तिच्या परतीची वाट बंद होते. सहा महिन्यांनी एलायझा राणीसारखी बोलते. आता ती पुन्हा कॉव्हेंट गार्डनच्या फुटपाथवर बसून ओरडू शकत नाही. जुनी जीभ गेली, आणि नवी वापरायला हिगिन्सच्या घराबाहेर जागा नाही. अशा अवस्थेत तिला मास्तरांबद्दल काही वाटू लागलं, तर त्याला प्रेम म्हणायचं, उपकाराचं ओझं म्हणायचं की निव्वळ भीती? तिचं तिलाही सांगता येणार नाही.

शॉने हे भाषण देऊन सांगितलं नाही, सपातांमधून सांगितलं. चौथा अंक. मध्यरात्र उलटून गेलेली. तिघं मेजवानीहून परतलेत. एलायझाने मैदान मारलंय, पैज जिंकलीय. हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांचं अभिनंदन करतात, काय कंटाळा आला होता हो, संपलं एकदाचं, असं तिच्यादेखत बोलतात. जणू ती खोलीत नाहीच. हिगिन्स सपाता शोधतोय. एलायझा मुकाट्याने आणून त्याच्या पुढ्यात ठेवते. त्याचं लक्षही जात नाही. सपाता दिसल्यावर त्याला वाटतं त्या तिथेच होत्या. मग तो झोपायला जातो, काहीतरी विसरलं म्हणून परत येतो, आणि त्या सपाता एकामागून एक त्याच्या अंगावर येऊन आदळतात.

त्यानंतरचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. ती विचारते, माझं आता काय होणार? हिगिन्स सफरचंद खाता खाता सुचवतो की एखाद्या बऱ्या मुलाशी लग्न कर, आई बघून देईल कुणीतरी. तेव्हा ती म्हणते की मी तिकडे फुलं विकत होते, स्वतःला विकत नव्हते; तुम्ही मला बाईसाहेब केलंत, आता मी दुसरं काही विकायच्या लायकीची उरले नाही. ‘पिग्मॅलियन’ विनोदी नाटक म्हणून ओळखलं जातं. या ठिकाणी हसणारा प्रेक्षक अजून तरी मी बघितलेला नाही.

मग तिला शिकवलं कुणी? शॉचं उत्तर गमतीचं आहे. ती पिकरिंगला सांगते की माझं खरं शिक्षण सुरू झालं ते तुम्ही मला पहिल्या दिवशी ‘मिस डूलिटल’ म्हणालात तेव्हा. मी आले की तुम्ही उठून उभे राहायचात, टोपी काढायचात, दार उघडून धरायचात. उच्चार काय, कुणीही शिकवले असते. बाई कशी वागते यावर ती बाईसाहेब ठरत नाही, लोक तिला कसं वागवतात यावर ठरते. हिगिन्सचं म्हणणं की मी सगळ्यांशी सारखाच वागतो, डचेसशीसुद्धा फुलवालीसारखाच. म्हणजे हा समतावादीच! फरक इतकाच की डचेसला तो रागावला तर तिचं काही बिघडत नाही.

शॉला या दोघांमध्ये ओढ नकोच होती असं मात्र नाही. ओढ आहे, आणि ती भरपूर आहे. पाचव्या अंकात दोघं भांडतात तेव्हा ठिणग्या उडतात. एलायझा शेवटी एक अस्त्र काढते: मी तुमच्या प्रतिस्पर्ध्याची मदतनीस होईन, तुमची विद्या त्याला शिकवीन, आणि जाहिरात देईन की हजार गिनीत सहा महिन्यांत कुणालाही डचेस करून मिळेल. हिगिन्स तिच्या अंगावर धावून जातो. ती जागची हलत नाही. आणि त्या क्षणी त्याचा चेहरा खुलतो. मी म्हटलं होतं की तुझी बाई करून दाखवीन, केली की नाही! अशी तू मला आवडतेस! त्याच्या गळ्यातली धोंड होती ती आता बुरूज झाली, असं काहीसं तो बोलतो. नाटकात ही दोघं बरोबरीला येतात ती इथे, पहिल्यांदा आणि शेवटची. शॉचा तिढा हाच आहे: मास्तराला शिष्या खरी आवडते ती तिला मास्तराची गरज उरत नाही तेव्हा, आणि गरज उरली नाही की ती थांबेल कशाला? पहिल्या प्रयोगांच्या संहितेत तो तिला जाता जाता हॅम, चीज, हातमोजे, टाय अशी यादी सांगतो. ती म्हणते, तुमचं तुम्ही आणा. आणि जाते.

ट्रीच्या गुच्छानंतर शॉला राहवेना. १९१६ साली नाटक पुस्तकरूपाने आलं तेव्हा त्याने मागे एक लांबलचक गद्य उपसंहार जोडला. त्यात एलायझा लग्न करते ते तिच्यावर जीव टाकणाऱ्या फ्रेडी आइन्सफर्ड हिल या कंगाल, भोळसट, खानदानी पोराशी. कर्नल पैसे देतो आणि दोघं एका रेल्वे स्टेशनच्या गाळ्यात फुलांचं दुकान काढतात. दुकान चालत नाही. हिशोब येत नाहीत, म्हणून दोघं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन बसतात. शेवटी फुलांच्या जोडीला भाजी ठेवतात, अॅस्परॅगस खपायला लागतो, आणि संसार मार्गी लागतो. शॉचा हा उपसंहार मला नाटकाइतका रंगतदार वाटत नाही; नाटककार प्रेक्षकाला दामटून सांगतोय हे जाणवतं. पण त्याचं शेवटचं वाक्य बिनतोड आहे. पुतळीला आपला शिल्पकार कधीच पुरता आवडत नाही, कारण तिच्या आयुष्यात त्याची जागा देवाची असते आणि देव ही काही संसार करायला सोयीची गोष्ट नव्हे, अशा अर्थाचं ते आहे.

हे लिहिणारा माणूस स्वतः कुणी विरागी नव्हता. एलायझाची भूमिका त्याने मिसेस पॅट्रिक कॅम्बेल या नटीसाठी लिहिली आणि तिच्या पायी तो पन्नाशी उलटल्यावर ठार वेडा झाला होता. पत्रांचा नुसता पाऊस. ११ एप्रिल १९१४ ला लंडनचा पहिला प्रयोग, आणि त्याआधी पाच दिवस बाईंनी भलत्याच माणसाशी लग्न उरकलं. तेव्हा आपल्या नायिकेने कुणाशी लग्न करावं याबद्दल शॉ इतका हट्टी का होता, याचे तर्क ज्याने त्याने करावेत. शिवाय एक गंमत: एलायझा झालेल्या बाईंचं वय होतं ४९ आणि ट्रीचं ६१. रंगमंचावर हे खपतं. कॅमेऱ्यासमोर खपत नाही.

सिनेमाची चलाखी इथूनच सुरू होते, नटनटीच्या निवडीपासून. १९३८ साली गॅब्रिएल पास्कल या निर्मात्याने ‘पिग्मॅलियन’ पडद्यावर आणला. शॉला हिगिन्स म्हणून चार्ल्स लॉटन हवा होता, जाडजूड, अजिबात राजबिंडा नसलेला. मिळाला लेस्ली हॉवर्ड, त्या काळातला बायकांच्या गळ्यातला ताईत, आणि दिग्दर्शनातही अँथनी अॅस्क्विथचा भागीदार. समोर वेंडी हिलर, वय २६. हॉवर्डचा देखणा चेहरा जवळून दिसला की निम्मं काम झालंच. माणूस कितीही तुसडा वागो, कॅमेरा ज्याच्या डोळ्यांत डोकावतो त्याला प्रेक्षक माफ करतो. नाटकात आपण दोघांना सारख्याच अंतरावरून बघतो. सिनेमात दिग्दर्शक आपल्याला उचलून एकाच्या शेजारी नेऊन बसवतो.

दुसरी चलाखी कात्रीची. मूळ नाटकात शिकवणी जवळजवळ दिसतच नाही, अंकांच्या मधल्या फटीत होऊन जाते. सिनेमाने ती दाखवली, झपाट्याच्या तुकड्यातुकड्यांच्या दृश्यांतून. संकलक होता पुढे फार मोठा दिग्दर्शक झालेला डेव्हिड लीन. आता महिनोन्महिन्यांचा जाच चार मिनिटांत उरकला की तो जाच राहत नाही, खेळ होतो. पुढे याच कथेवरच्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेत तर हिगिन्स तिच्या तोंडात गोट्या कोंबून बोलायला लावतो, ती एक गिळते, आणि तो सांगतो की काळजी नको, माझ्याकडे भरपूर आहेत. आपण खो खो हसतो. तेच कुणी आपल्या घरातल्या मुलीने शिकवणीहून येऊन सांगितलं तर?

तिसरी चलाखी सगळ्यात मोठी, ती शेवटाची. शॉने पटकथेसाठी तडजोड म्हणून नवा शेवट लिहून दिला होता: हळवा निरोप, आणि मग एलायझा-फ्रेडीचं दुकान. पास्कलने गुपचूप दुसराच चित्रित करून ठेवला. शॉला तो कळला तेव्हा सिनेमा लागायची वेळ आली होती. त्या शेवटात हिगिन्स एकटा घरी येतो. खोलीत फिरता फिरता ध्वनिमुद्रण यंत्र सुरू होतं आणि त्यातून एलायझाचा पहिल्या दिवशीचा आवाज येतो, तो गावंढळ, चिरका, हात-तोंड धुऊन आल्याचं सांगणारा. तो ऐकत बसतो. दारात एलायझा येऊन उभी राहते आणि त्याच जुन्या बोलीत ते वाक्य पुरं करते.  तो आनंद लपवत विचारतो, माझ्या सपाता कुठे आहेत?

हे दृश्य फार सुंदर आहे. मी ते कितीदा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी ती परत आली म्हणून बरं वाटतं. आता जरा निवांत बघा त्यात काय घडतंय. आत्ता निघून गेलेल्या, हजार गिनी मागणाऱ्या बाईची आठवण त्याला येत नाही. येते ती यंत्रात जपून ठेवलेल्या फुटपाथवरच्या मुलीची. आणि ती परत येते तीही त्याच मुलीच्या बोलीत. सहा महिन्यांत जे कमावलं ते उंबऱ्याबाहेर ठेवून. वर पहिली मागणी सपातांचीच, ज्या तिने भिरकावल्या होत्या. शॉच्या सगळ्या युक्तिवादाला पास्कलने असं एका मिनिटात उलटं केलं, आणि तेही शॉच्याच वस्तू वापरून. कारागिरी म्हणून त्याला दाद द्यावी लागते. या सिनेमाच्या पटकथेला ऑस्कर मिळालं आणि ते इतर लेखकांबरोबर शॉच्याही नावावर जमा झालं. नोबेल आधीच होतं. दोन्ही मिळवणारा तो पहिला, आणि गायक-गीतकार बॉब डिलनपर्यंत एकटाच. त्यातला सगळ्यांना आठवणारा शेवट तेवढा त्याचा नाही.

‘माय फेअर लेडी’ १९५६ साली ब्रॉडवेवर आली ती पास्कलच्या शेवटावर उभी राहून. शॉ हयात असता तर परवानगीच दिली नसती. त्याच्या एका नाटकाची जुनी संगीतिका त्याला इतकी खुपली होती की पुन्हा त्या वाटेला तो गेला नाही. गीतकार अॅलन जे लर्नरने छापील प्रतीच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं की शॉचा उपसंहार मी गाळलाय, आणि शॉ आणि स्वर्ग मला क्षमा करोत, पण त्याचं बरोबर होतं अशी माझी खात्री नाही. एलायझा झालेली ज्युली अँड्र्यूज विशीची, हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन अठ्ठेचाळिशीचा. १९६४ च्या सिनेमात हॅरिसन छप्पन्नचा झाला आणि एलायझा ऑड्री हेपबर्न. तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली. मुलीचा आवाज बदलून टाकणाऱ्या माणसांच्या सिनेमात नायिकेचाच आवाज बदलून टाकला, आणि आठ ऑस्कर मिळाली.

मराठीत ही कथा आली १९७५ साली, पु. लं.च्या ‘ती फुलराणी’तून. भक्ती बर्व्यांची मंजुळा आणि सतीश दुभाषींचा प्राध्यापक. मराठी प्रेक्षकाला यातलं काय लक्षात राहिलं? प्रेम नाही. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे मंजुळेचं स्वगत. शाळेच्या गॅदरिंगपासून एकपात्री स्पर्धांपर्यंत किती मुलींनी ते म्हटलं असेल त्याला गणती नाही. शॉच्या नाटकात असं स्वगत नाही. त्याचं जवळचं नातं ‘माय फेअर लेडी’तल्या एलायझाच्या गाण्याशी, ज्यात ती राजाकडून हिगिन्सचं मुंडकं उडवायचं स्वप्न बघते. पण तिकडे ते एक मजेदार गाणं होतं, इकडे ते नाटकाची ओळख होऊन बसलं. मला वाटतं याचं कारण आपल्याकडचा बोलीचा घाव. ‘न’ आणि ‘ण’वरून इथे नुसता वर्ग नाही, जात, जिल्हा, आईबापांचं शिक्षण सगळं एका झटक्यात जोखलं जातं. वर्गात ज्यांच्या उच्चारांवर कधी ना कधी कुणी हसलंय, त्यांना मंजुळेचं लग्न कुणाशी होतं याच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं. तिने प्राध्यापकाला फैलावर घ्यावं, बस्स.

हिंदीत १९८० साली बासू चटर्जींचा ‘मनपसंद’ आला. पन्नाशी उलटलेला देव आनंद आणि विशीतली टीना मुनीम. देव आनंद नायक असताना नायिका कुणा दुसऱ्याबरोबर भाजीचं दुकान काढायला जाईल, ही शक्यताच नव्हती.

‘आजच्या काळात हे चालणार नाही’ असं यावर कुणी म्हणतं, आणि ‘एवढं काय त्यात, नाटक आहे’ असंही कुणी म्हणतं. दोन्ही घाईचं आहे. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रश्नच मिटतो: त्याची संमती कायदा धरत नाही, आणि शिकवणारा शाळेचा किंवा संस्थेचा माणूस असेल तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. ती प्रेमकथा नसतेच, मग कॅमेरा कितीही हळुवार फिरू दे. एलायझासारखी सज्ञान विद्यार्थिनी असेल तिथे खरी गुंतागुंत. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम यांमुळे महाविद्यालयांत अंतर्गत समित्या आल्या, तक्रारीला दार मिळालं. त्या नियमांत एक गोष्ट शॉला फार पटली असती: सवलत देण्याचं आमिष किंवा नुकसान करण्याची धमकी, उघड असो वा आडून, हाही छळातच मोडतो. म्हणजे कुणी कुणावर हात टाकला एवढंच बघायचं नाही. नाही म्हटलं तर काय गमवावं लागेल, हेही बघायचं. गुण कोण देतं, शिफारसपत्र कोण लिहितं, प्रबंधावर सही कुणाची. हिगिन्सने एलायझाला वाईट हेतूने कधी हात लावलेला नाही. पण ‘नाही’ म्हणण्याची किंमत तिच्यासाठी रस्त्यावर येणं ही होती.

म्हणून असा सिनेमा बघताना वयातलं अंतर मोजत बसण्यापेक्षा मी एवढंच बघतो की शिकणाऱ्याला जायला दुसरी जागा आहे का, आणि दिग्दर्शकाला ती जागा दाखवावीशी वाटली का. २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये बार्टलेट शेरने ‘माय फेअर लेडी’ नव्याने केली. संवाद तेच, सपातांचं वाक्यही तेच. फक्त ते ऐकल्यावर एलायझा रंगमंचावरून उतरते आणि प्रेक्षकांमधून चालत बाहेर जाते. एलायझा झालेली लॉरेन अॅम्ब्रोज ही हिगिन्स झालेल्या हॅरी हॅडन-पेटनपेक्षा वयाने थोडी मोठीच होती. ट्रीने एक शब्द न बदलता शेवट वाकवला होता, शेरने एक शब्द न बदलता तो सरळ केला.

याच कुळातला, पण मला जास्त आवडणारा सिनेमा म्हणजे ‘एज्युकेटिंग रीटा’, १९८३ चा. विली रसेलच्या नाटकावरून केलेला. रीटा सव्वीस वर्षांची, विवाहित, केशकर्तनालयात काम करणारी. मुक्त विद्यापीठात नाव घालून साहित्य शिकायला येते ती फ्रँककडे, दारूच्या बाटल्या पुस्तकांमागे लपवणाऱ्या प्राध्यापकाकडे. ज्युली वॉल्टर्स आणि मायकल केन. इथे प्रेमात पडतो तो मास्तर, आणि त्याला भीती असते ती तिच्या शिकण्याचीच: ही इतरांसारखंच घोकून बोलायला लागली तर हिच्यात मला जे आवडलं ते जाणार. हिगिन्सला यंत्रातला जुना आवाज हवासा वाटतो, फ्रँकला जुनी रीटा. फरक असा की रीटा त्याला हे तोंडावर सुनावते. तिने आपल्या पैशाने प्रवेश घेतलाय, परीक्षेचे पेपर तपासणारा तो नाही, आणि शहरात तिला आता स्वतःची खोली आहे, मैत्रिणी आहेत.

शेवटी त्याला ऑस्ट्रेलियाला जावं लागतं. तो विचारतो, येतेस? ती नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. कदाचित फ्रान्सला जाईन, कदाचित आईकडे, कदाचित मूल होऊ देईन, बघू, ठरवेन. सिनेमात मग विमानतळावरचा निरोप आहे. मूळ नाटकात मात्र ती त्याला म्हणते की तू मला इतकं दिलंस, आता मी तुझं एक काम करते, बस खुर्चीत. कात्री काढते आणि त्याचे वाढलेले केस कापायला घेते. कान जरासा कात्रीत येतो आणि प्राध्यापक कळवळून ओरडतात. त्यावर पडदा.